मुलगा : आहे

देगूच्या वॉर्ड ऑफिसात माझी खिडकी तिसरी,
हीटरपासून सगळ्यात लांबची.
ढकलगाडी बाहेर खांबाला साखळीनं बांधून
माक्-सुन आजी आत आल्या. हातमोजे काढले नाहीत.
वय एक्क्याऐंशी. नाव चौथ्या मुलीला ठेवतात ते,
आता पुरे, अशा अर्थाचं.
धंदा : पुठ्ठा. किलोला सत्तर वॉन.
"भिजला की जड होतो," त्या म्हणाल्या,
"पण दुकानदार हुशार. पाणी वजा करतो."

मी अर्ज भरत गेलो.
जमीन नाही. सोनं नाही. खोली भाड्याची, तळघरातली.
एकेक 'नाही' पडत होतं तसं मला बरं वाटत होतं;
आमच्याकडे 'नाही' जितके जास्त
तितका माणूस पात्र.
नवव्या रकान्याशी स्क्रीन अडली.
मुलगा : आहे.

"असेल," आजी म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली.
गेला तेव्हा भात शिजत होता."

मी नियम सांगितला.
नियम जुन्या म्हणीसारखा, कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही :
मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी,
आणि काठी असलेल्याला
सरकार हात देत नाही.
काठी कुठे आहे, हे विचारणारा रकाना
फॉर्ममध्ये नाही.

"त्यांची मिळकत मर्यादेच्या वर जाते," मी म्हणालो,
"उल्सानला फ्लॅट आहे. गाडीही आहे."

तेव्हा आजींनी हातमोजे काढले.
"जिवंत आहे?"

मला वाटलं होतं, भांडतील. भांडणाऱ्यांसाठी
टेबलाखाली एक बटण असतं.
"गाडी कसली? रंग लिहिलाय का तिथं?"
सांगायची परवानगी नव्हती. चांदीसारखा, मी सांगितलं.
त्या हसल्या. खालचे दात नव्हते.
नामंजुरीच्या कागदाच्या चार घड्या करून
कोटाच्या आत, पोटाशी ठेवला,
जसं काही त्याचं पत्रच आलंय.

एक पळवाट होती, तीही दाखवली :
लिहून द्या, संबंध तुटलाय.
मुलानं टाकलं. दोन साक्षीदारांच्या सह्या.
"तुमच्या कागदावर तरी तो आहे," आजी म्हणाल्या,
"तिथूनही खोडू?"

सरकारला मायबाप म्हणायची रीत आहे.
मायबापाला लेकराचा पत्ता माहीत असतो,
एवढंच त्यातलं खरं निघालं.
तो माझ्या स्क्रीनवर होता. मजला, दार क्रमांक, सगळं.
रंग सांगितला. पत्ता नाही सांगितला.

मग दर गुरुवारी.
पुठ्ठा विकून, टोकन घेऊन, पाऊण तास बसून
एकच प्रश्न : "गाडी आहे ना अजून?"
मी स्क्रीन उघडायचो, बोट ठेवायचो. "आहे."
साहेब म्हणाले, हे ऑफिस आहे की ज्योतिषाचं दुकान?

फेब्रुवारीत नोंद बदलली.
फ्लॅट : जप्त. गाडी : नाही. मिळकत : शून्य.
नववा रकाना हिरवा झाला
आणि वर्षभर अडलेला अर्ज
कुणी न ढकलता पुढे सरकला.
मंजूर.

आजी आल्या. मी शिक्का मारला,
रक्कम सांगितली, तारीख सांगितली.
"असं कसं झालं?"
"नियम बदलला," मी म्हणालो.
बराच वेळ त्या शिक्क्याची शाई वाळताना बघत राहिल्या.
"सुबुद्धी झाली म्हणायची सरकारला."

उठल्या. हातमोजे चढवले. दारापर्यंत गेल्या,
आणि परत येऊन, काउंटरला धरून, हळूच :
"गाडी?"

मागे सात टोकनं खोळंबली होती.
"आहे," मी म्हणालो.
स्क्रीन उघडायची विसरलो.
ते त्यांच्या लक्षात आलं.